आंब

झावळ्यांच्या रविवारी उपासना आटोपली आणि चर्चच्या दाराशी गुड फ्रायडेची यादी लागली. वच्छलानं ती तीनदा वाचली. एकदा चष्म्याशिवाय, एकदा चष्मा लावून आणि एकदा ओळीखाली बोट धरून. पाचव्या शब्दापुढं तिचंच नाव होतं.

क्रुसावरून प्रभू सात वेळा बोलला. त्या सात बोलांवर गुड फ्रायडेच्या दुपारी, बारा ते तीन, सात जणांनी उभं राहून मंडळीशी बोलायचं ही आपली जुनी रीत. पहिला शब्द पाळकसाहेबांचा, शेवटचा कुणा पाहुण्याचा आणि मधले शिकल्यासवरल्या माणसांचे. वच्छला एकसष्ट वर्षांची झाली होती. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तिनं तीस वर्षं आयाचं काम केलं होतं. तिला आजवर कुणी शब्द दिला नव्हता. यंदा पाळकसाहेब नवे आले. त्यांनी एकदा सहज विचारलं, “तुम्ही दादाजीबुवांच्या कन्या ना? मग गाता की नाही?” ती म्हणाली, “येते थोडंसं.” एवढ्यावरून हे घडलं होतं.

पाचवा शब्द तहानेचा: ‘मला तहान लागली.’ सातांतला सगळ्यात लहान, आणि वच्छलाचा सगळ्यात जवळचा.

दादाजीबुवा म्हणजे तिचे वडील. पारशिवनीकडच्या खेड्यांत ते चिपळ्या घेऊन ख्रिस्ताचं कीर्तन करत हिंडायचे. गावात ख्रिस्ती घरं दोन, पण ऐकायला अख्खं गाव यायचं. पूर्वरंगात लोक खोकायचे, तंबाखू मळायचे. बुवा उत्तररंगात शिरले की मळलेली तंबाखू तळहातावर तशीच राहायची. वच्छला सहा वर्षांची असताना अशाच एका अंगणात बुवांनी क्रुसाचं आख्यान लावलं होतं. प्रभूनं पाणी मागितलं आणि शिपायांनी स्पंज भिजवून त्याच्या ओठांना आंब लावली. आंब हा शास्त्रातला, म्हणजे बायबलातला शब्द. बिघडून आंबट झालेला द्राक्षारस. पण सहा वर्षांच्या पोरीला द्राक्षारस कुठून ठाऊक असणार? तिला आंबा ठाऊक. पुढ्यात बसलेली वच्छला ओरडली, “बाबा, मंग चांगलंच केलं नं त्यायनं! पन्हंच तं देल्लं!”

अंगण हसून लोटपोट झालं. बुवांनी मात्र चिपळ्या थांबवल्या.

“हसू नका गा,” ते म्हणाले. “मागणाऱ्याले गोड द्यावं, हे या पोरीले समजलं. त्या शिपायाले नाही समजलं.”

आणि उभ्या उभ्या त्यांनी, त्या मुलखातल्या दोन नद्या गुंफून, पद जुळवलं:

ज्याने भरली पेंच-कन्हान,
त्याच्या ओठी सुकली तहान;
मागे घोटभर, लाज न धरी,
कोण धावतो घागर-करी?

पुढं आयुष्यभर ते पद त्यांच्या कीर्तनात राहिलं. तिसऱ्या ओळीवर ते हमखास थांबायचे. “पाहा गा,” म्हणायचे, “ज्यानं सगळं देऊन टाकलं, तोही मागून राहिला. मागाले तो लाजला नाही.” वच्छलानं बापाकडून देणं घेतलं, गाणं घेतलं, भाजीत तिखट कमी खाणंही घेतलं. ही एक गोष्ट तेवढी राहून गेली.

बुवा गेले त्या वर्षापासून तिनं गुड फ्रायडेला पन्हं सुरू केलं. सकाळपासून उपाशी बसलेली दीडशे माणसं तीन वाजता बाहेर येतात, नागपूरचं एप्रिलचं ऊन, गळे कोरडे ठण्ण. प्रभूच्या वाट्याला आंब आली, त्याच्या लेकरांना तरी पन्हं मिळावं, एवढाच साधा विचार. कैऱ्या आदल्या दिवशी शिजवायच्या, गर काढून ठेवायचा, आणि गूळ-वेलची मात्र ऐन वेळी कालवायची. लवकर कालवलं तर उन्हात पन्हं फसफसतं. पण दीडशे माणसांपुरता गूळ विरघळायला तास-सव्वा तास जायचा, म्हणून चौथा शब्द संपला की ती उठायची आणि मागच्या स्वयंपाकघरात जायची. बावीस वर्षं झाली. पाचवा शब्द तिनं बावीस वर्षांत कधी बाकावर बसून ऐकला नव्हता. जाळीच्या खिडकीतून जो अर्धामुर्धा कानावर यायचा, तेवढाच.

आणि यंदा तो तिनंच म्हणायचा होता. वीस मिनिटं.

त्या आठवड्यात तिनं गांधीबागेतून पांढरी, निळ्या काठाची साडी आणली. कपाटातून बापाच्या चिपळ्या काढल्या, खोबरेल लावून पुसल्या. ओट्यापाशी, दोरीवरचे कपडे काढताना, भाजी निवडताना तिचं चालूच. शेजारची इंदूबाई मधल्या भिंतीवरून म्हणाली, “वच्छला, आमच्या घरात छप्पन सालापासून देव नाही वं. पण तुह्या बाबाचं गाणं मले आता पाठ झालं. काल कुकर लावताना मीच म्हणून राहिली होती, पेंच-कन्हान, पेंच-कन्हान. सून पाहे माह्याकडं.”

“बरं वाटते का पण? आवाज फाटते वरती.”

“फाटू दे. बुढीचा आवाज फाटनच. रडू येते ऐकून, अजून काय पायजे?”

गुरुवारी दुपारी मोठ्या गंजात कैऱ्या शिजत होत्या. इंदूबाई गार झालेल्या कैऱ्यांची सालं काढत बसली होती. तेवढ्यात सुशील आला. वच्छलाचा धाकटा भाऊ, बावन्न वर्षांचा, चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हे. बहिणीकडं येताना कधी रिकाम्या हातानं यायचा नाही. आजही एक टरबूज घेऊन आला होता. ते त्यानं कोपऱ्यात ठेवलं, रुमालानं मान पुसली.

“ताई, उद्याचं पन्हं कोण करून राहिलं?”

“मीच. दिसून नाही राहिलं का?”

“पण गूळ तं पाचव्या शब्दाच्या टायमालेच पडते नं. अन् पाचवा शब्द तुह्यावर. दोन जागी कशी राहशीन?”

“गूळ मी किसून देते. कोणी बी कालवन. टाकायचा अन् हालवायचा.”

“तेच तं! मी महिला मंडळात सगळ्याइले विचारलं. कोणी तयार नाही. म्हणते, वच्छलाबाईचा हात आमचा नाही.”

“हात नाही म्हणजे?” इंदूबाई सालं काढता काढता म्हणाली. “दोन दोन तं दिसते सगळ्याइचे.”

सुशीलनं ते ऐकलं नाही, म्हणजे ऐकून घेतलं नाही. “अन् दामिनी आली हाये पुण्याहून,” तो म्हणाला. दामिनी त्याची मुलगी. तिकडं धर्मशिक्षणाचा कोर्स करत होती. “छान बोलते पोरगी. यंदा आपलं फोनवर लाइव्ह जाऊन राहिलं, बाहेरगावचे पाहतीन. तिलेही एक संधी. बाबाचीच नात हाये, घरातल्या घरातच राहते. मी पाळकसाहेबाले सांगतलं, ताई नाही म्हणणार नाही.”

“त्यायले सांगून टाकलं?”

“तुले विचारूनच करतो म्हटलं. बाबा काय म्हणत? स्वतःले नाकारा. आम्ही नुसतं ऐकलं ताई, तू तं जगून दाखवलं. दामिनी त्याच्यावरच बोलणार हाये.”

वच्छला पळीनं कैऱ्या खालीवर करत राहिली. तीनच शब्द म्हणायचे होते. मले गायचं हाये. ते छातीतून निघाले, गळ्यापर्यंत आले, आणि तोंडातून वेगळाच शब्द बाहेर पडला. आयुष्यभर तोच पडत आला होता.

“चालते मले.”

“मले माहीत होतं,” सुशील म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. “बरं, बाबाची वही? चिपळ्या?”

“कपाटात हायेत. घेऊन जाय.”

तो गेला. इंदूबाईनं सुरी खाली ठेवली.

“तुहा देव तरी पाणी मागे वं, वच्छला. हातात खिळे ठोकलेले, तरी तोंडानं मागे. तुहं तोंड काय कोणी शिवून ठेवलं?”

“आमच्यात असंच राहते. आपलं सोडून द्यायचं.”

“तू सोडलं कुठं? त्यानं घेतलं.”

ते शब्द वच्छलाच्या मनात कैरीच्या कोयीसारखे राहिले, ना गिळता येईनात ना थुंकता. आई गेली तेव्हा सुशील आठ वर्षांचा होता आणि ती सतराची. तिनं त्याला वाढवलं. चंद्रपूरचं स्थळ आलं होतं, मुलगा शाळेत मास्तर होता, पेटीही वाजवायचा. तिनंच नाही कळवलं. भाऊ लहान होता. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही, अगदी देवाशपथ नाही. ते तिनं दोन्ही हातांनी दिलं होतं आणि देताना गात होती. मग आजचं हे असं का लागावं? एवढीशी वीस मिनिटं. तिनं शास्त्र उघडलं, मिटलं, प्रार्थनेला डोळे मिटले, तर आत प्रार्थना नव्हतीच. आत सुशीलचं टरबूज दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी तिनं नवी साडी नेसली. का नेसली, तिलाच ठाऊक. गंज रिक्षात घालून साडेअकराला चर्चला पोचली. सुशील दाराशी माइकची वायर सोडवत होता. वच्छला त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“सुशील, मले म्हणायचं हाये.”

“काय म्हणायचं? म्हण नं.”

“पाचवा शब्द. मले गायचा हाये. पन्हं पंधरा मिनिटं उशिरानं भेटलं तं काय होते?”

सुशील वायर हातात धरून तिच्याकडं बघत राहिला. त्याला खरंच समजेना. बहिणीनं काही मागितलं आहे, असा प्रसंग त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच येत होता.

“ताई, आता? यादी सगळ्याइच्या फोनवर गेली. दामिनी रात्रभर जागली. अन् तूच तं म्हटलं, चालते.”

“म्हटलं.”

“मंग? आजच्या दिवशी तरी,” तो आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाला, “आजच्या दिवशी तरी आपलं असं मनात आणू नको, ताई. पुढच्या वर्षी पाहू नं.”

ती वळली आणि स्वयंपाकघरात गेली. एकसष्ट वर्षांत एकदा मागून पाहिलं होतं.

बारा वाजले. पहिला शब्द झाला, दुसरा, तिसरा. यंदा ती चौथ्यालाही बाकावर नव्हती. माठांचं गार पाणी तिनं गरात ओतलं, मीठ घातलं, भाजलेलं जिरं घातलं. किसलेल्या गुळाची परात पुढ्यात ओढली. जाळीच्या खिडकीतून चिपळ्यांचा आवाज आला. दामिनीला त्या धरता येत नव्हत्या. टाळी वाजवल्यासारख्या त्या आपटत होत्या.

पोरगी बोलली मात्र चांगलं. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. तिनं आंबेचा अर्थ सांगितला. मग सहा वर्षांच्या एका मुलीची गोष्ट सांगितली, जिला आंब म्हणजे पन्हं वाटलं. मंडळी हसली. “ती मुलगी म्हणजे माझी आत्या,” दामिनी म्हणाली. “आत्ता या क्षणी ती बाकावर नाहीये. ती तुमच्यासाठी पन्हं करतेय. तिनं आयुष्यात कधीच काही मागितलं नाही. स्वतःला नाकारणं म्हणजे काय, हे मला पुस्तकात नाही, माझ्या आत्यात दिसलं.” कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग ती आजोबांच्या पदाकडं वळली.

वच्छलाच्या ओंजळीत गूळ होता. ओठ आपसूक हलायला लागले.

ज्याने भरली पेंच-कन्हान,
त्याच्या ओठी सुकली तहान;
काही न मागे, दुःख उरी धरी,
कोण धावतो घागर-करी?

वच्छलाचे ओठ तिसऱ्या ओळीवर अडखळले. तिला वाटलं, आपणच चुकलो. दामिनीनं ओळ पुन्हा घेतली. काही न मागे, दुःख उरी धरी. मंडळीनं मागून म्हटली. दीडशे माणसांनी. वहीत तर स्पष्ट अक्षरात होतं. म्हणजे कुणीतरी मुद्दाम बदललं होतं. देवानं मागणं बरं दिसेना, म्हणून नीटनेटकं केलं होतं. ज्या मागण्यासाठी हा पाचवा शब्द आहे, तेच काढून टाकलं होतं. आणि मग चौथ्या ओळीला अर्थ काय उरला? कुणी काही मागितलंच नाही, तर घागर घेऊन धावणार कोण?

कोणीच नाही. कोणीच धावलं नव्हतं.

तिनं ओंजळीतला गूळ परातीत परत टाकला. परातीवर ताट झाकलं आणि ती ओट्याखाली सरकवली. मग पळी घेऊन पन्हं, जे पन्हं नव्हतं, सावकाश ढवळत बसली.

तीनला मंडळी बाहेर आली. चिंचेच्या सावलीत टेबल मांडलं होतं. पहिला ग्लास पाळकसाहेबांना. त्यांनी एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा आक्रसला. वच्छला त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली. विचारा, ती मनात म्हणत होती. विचारा मला.

“गूळ...” ते म्हणाले. तेवढ्यात शेजारी उभ्या दामिनीनं घोट घेतला आणि ती किंचाळलीच, “आत्या! आंब! बाबा, बघा ना, आत्यानं आज आंब केली!”

पाळकसाहेबांचा चेहरा बदलला. डोळे भरून आले. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “मंडळी, आज वच्छलाबाईंनी मुद्दाम गूळ घातलेला नाही. प्रभूनं जे चाखलं, ते आपणही चाखावं म्हणून. बोलून नव्हे, करून दाखवलेला हा उपदेश आहे. शांतपणे घ्या.” आणि दीडशे माणसांनी डोळे मिटून ते आंबट पाणी घशाखाली उतरवलं. सुशील म्हणाला, “ताई, तुले सुचते तरी कसं वं?” कमिटीच्या एकानं तिथंच ठरवून टाकलं, दरवर्षी आता असंच.

हसावं की रडावं, वच्छलाला कळेना. तिनं पहिल्यांदाच काही द्यायचं नाकारलं होतं, तर तेही लोकांनी त्यागात जमा करून टाकलं.

रांगेच्या शेवटी गोपाळराव होते. पंच्याऐंशी वर्षांचे, काठीवर वाकलेले. पारशिवनीच्या त्या अंगणात हसलेल्यांपैकी आता तेवढेच उरले होते. उपास त्यांना झेपत नव्हता, तरी धरला होता. ओठांवर पांढरी साय आली होती. त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास धरून मोठा घोट घेतला आणि त्यांना ठसका लागला. सावरल्यावर त्यांनी वच्छलाकडं पाहिलं, अगदी लहान पोराच्या नजरेनं.

“गोड नाही वं, बाई?”

वच्छलाला आपल्या हातातली पळी दिसली. टपटप गळणारी, एका सुकलेल्या तोंडापुढं धरलेली. इतकी वर्षं क्रुसाचं आख्यान ऐकताना तिनं स्वतःला नेहमी त्या बायांमध्ये पाहिलं होतं, ज्या लांब उभ्या राहून रडत होत्या. आज तिला दिसलं, आपण कुठं उभे आहोत ते. स्पंज कुणाच्या हातात आहे ते.

“थांबा काका, गूळ आणते,” ती म्हणाली आणि आत धावली. ओट्याखालून परात ओढली, मूठभर गूळ घेतला, बाहेर आली. सुशील गोपाळरावांच्या खांद्यावर हात ठेवून समजावत होता, “काका, आज गोड नाही प्यायचं, आज असंच हाये.” आणि गोपाळरावांनी आज्ञाधारकपणे, डोळे मिटून, ग्लास रिकामा केला होता.

गूळ तिच्या मुठीत विरघळत राहिला.

घरी पोचली तेव्हा इंदूबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती. वच्छलानं डब्यातून आणलेलं उरलंसुरलं पन्हं तिनं चाखलं आणि अंगणात थुंकलं.

“थू! गूळ कुठं गेला वं? विसरली का?”

“विसरली नाही. घातला नाही.”

“काहून?”

दिवसभरात हे विचारणारी ती पहिलीच. वच्छला पायरीवर बसली. साडीच्या निळ्या काठाला गूळ चिकटला होता, तो नखानं खरवडत तिनं सगळं सांगितलं. ओळ कशी बदलली ते, मंडळीनं डोळे कसे मिटले ते, आणि गोपाळरावांचं तोंड. शेवटी म्हणाली, “त्यायनं मले आंब पाजली म्हणून मी त्या म्हाताऱ्याले पाजली, इंदू. बाबा असते तं चिपळ्या थांबवल्या असत्या.”

इंदूबाईनं समजूत घातली नाही. वच्छला म्हणाली, “पाणी दे वं.”

इंदूबाईनं आत जाऊन माठातलं तांब्याभर आणलं. वच्छलानं तांब्या तोंडाला लावला. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. दीडशे ग्लास भरताना तिच्यापुढं कुणी एक धरला नव्हता. अर्धं पाणी साडीवर सांडलं.

“म्हण आता,” इंदूबाई म्हणाली. “तुही ओळ. बरोबरची. मी ऐकते.”

“नाही. आज नाही.”

“मंग पाणी काहून मागतलं?”

वच्छलानं रिकामा तांब्या पायरीवर ठेवला.

“तहान लागली होती,” ती म्हणाली.